दुसऱ्यांच्या उशाशी

माझ्या वडिलांना सगळं इस्पितळ धीरकाका म्हणतं. फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत कुणालाही विचारा, "देवमाणूस" हा एकच शब्द ऐकू येईल. मी त्यांची मुलगी, आणि मला त्या शब्दाचा मनापासून वीट आला आहे. देवमाणसाच्या घरी चार दिवस राहून बघा म्हणावं, मग बोला.

सुरुवातीला ते तिथे कागदपत्रांच्या खोलीत कारकून होते. घरी सोडलेल्या पेशंटच्या फायली एका कपाटात लावायच्या, गेलेल्यांच्या दुसऱ्या कपाटात. एखाद्या सहीसाठी वॉर्डात गेले की तास-तासभर परत यायचे नाहीत. शोधायला माणूस पाठवला की कुणाच्या तरी खाटेशी बसलेले सापडायचे. साहेबांनी दोनदा दम दिला आणि तिसऱ्यांदा वैतागून तेच काम त्यांच्या गळ्यात बांधलं. पगारपत्रकावर पद आलं 'रुग्णसोबत'. ज्यांना बघायला कुणी येत नाही, ज्यांचं आता फार उरलेलं नाही, जे रात्रंदिवस छताकडे बघत पडलेले असतात, त्यांच्याजवळ बसायचं. कुणाला प्रार्थना हवी असेल तर त्याच्या देवाची प्रार्थना वाचून दाखवायची. कुणाला देवाचं नावही नको असेल तर नाव काढायचं नाही. त्यांच्या कापडी पिशवीत चार धर्मांची चार पुस्तकं होती आणि ती एकमेकांशी कधी भांडली नाहीत, असं ते म्हणायचे. त्यांचा एवढा एकच विनोद होता, आणि तो त्यांनी चौतीस-पस्तीस वर्षं पुरवला.

पिशवीत आणखीही बरंच काही असायचं. नखं कापायचं यंत्र, कारण पडून असलेल्या माणसाची नखं कुणाच्या लक्षात येत नाहीत. ओठ ओले करायला कापूस. आणि वेगवेगळ्या नंबरांचे तीन चष्मे, कारण माणसं घाईत दाखल होतात आणि चष्मा घरी विसरतात. ते चष्मे मीच द्यायचे. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. करायला दिलेला चष्मा न्यायला गिऱ्हाईक फिरकलंच नाही तर मालकाला विचारून बाबांसाठी ठेवायचे.

त्यांच्या स्टुलाबद्दलही सांगायला हवं. इस्पितळातलं लाकडी स्टूल त्यांनी घरी आणून त्याचे पाय चार बोटं कापले होते. "आजारी माणसाकडे सगळे वरून बघतात," ते म्हणायचे, "एकाने तरी खालून बघावं." ही गोष्ट खरी आहे आणि चांगली आहे. मी रागात असले तरी आंधळी नाही.

त्यांच्या कामाचे दोन नियम होते. नव्याने कुणी शिकायला आलं की त्यालाही ते हेच दोन सांगायचे. पहिला असा, की पेशंटने जो विषय काढला नाही तो आपण काढायचा नाही. दार त्याने उघडायचं, आपण बाहेर बसून राहायचं, मग तासभर लागो की आठवडा. दुसरा असा, की तो जे बोलेल ते त्यालाच परत द्यायचं. तो म्हणाला, "मला घरी जायचंय," तर आपण म्हणायचं, "तुम्हाला घरी जावंसं वाटतंय." मग गप्प. त्यानंतर माणूस भडाभडा बोलायला लागतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एक बेकरीवाला होता, पोटाच्या दुखण्याने आलेला. तीन दिवस सिस्टरांच्या अंगावर भांडी फेकत होता. बाबा त्याच्या खाटेशी दोन दिवस नुसते बसले. तिसऱ्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "भट्टी बंद पडली असेल." बाबा म्हणाले, "भट्टीची काळजी वाटतेय." आणि तो दांडगा माणूस उशीत तोंड खुपसून रडला. पुन्हा भांडं फेकलं नाही.

पण हेच ते घरीही करायचे. मी गणितात नापास होऊन आले तेव्हा मान हलवत म्हणाले, "तुला नापास झाल्याचं वाईट वाटतंय." मला त्या वेळी एक थोबाडीत हवी होती, नाहीतर एक मिठी. दोन्हींपैकी काहीही चाललं असतं. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, ती पेशंट नाहीये, मुलगी आहे!" बाबा म्हणाले, "तुला राग आलाय." आईने हातातलं पातेलं असं काही आदळलं की खालच्या मजल्यावरची बाई विचारायला वर आली.

आता मूळ गोष्ट. मी नऊ वर्षांची असताना मला भाऊ झाला. त्याच इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर. तो दोन दिवस जगला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा श्वास अडकायला लागला तेव्हा वरच्या सिस्टर धावत खाली आल्या आणि बाबांना निरोप देऊन गेल्या. बाबा तळमजल्यावर एका म्हाताऱ्या ट्रकड्रायव्हरजवळ बसले होते. त्याला जगात कुणी नव्हतं. बाबा "आलोच" म्हणाले. ते वर पोचले तेव्हा सव्वा तास होऊन गेला होता आणि बाळ गेलं होतं. आई एकटी होती. मी शेजाऱ्यांकडे होते.

हे आमच्या घरात कुणी कधी बोललं नाही. इस्पितळात मात्र याचं पुराण झालं. बाबा निवृत्त झाले त्या दिवशी सत्कारात अधीक्षकांनी तेच माइकवरून सांगितलं. मरणाऱ्या माणसाने धीरकाकांचा हात घट्ट धरला होता. वरून पोटच्या पोराचा निरोप आला. पण काकांनी तो हात सोडवून घेतला नाही, म्हाताऱ्याचा शेवटचा श्वास होईपर्यंत! सभागृहात लोक डोळे पुसत होते. बाबा व्यासपीठावर मान खाली घालून बसले होते. आई पहिल्या रांगेत होती. तिला शाल दिली आणि बोलायला सांगितलं. ती म्हणाली, "मला काही बोलायचं नाही." लोकांना तेही थोर वाटलं.

निवृत्त झाले तरी बाबा जातच राहिले, बिनपगारी. आणि मग अकरा वर्षांनी आई त्याच इस्पितळात दाखल झाली. यकृतात गाठी होत्या. उघडून बघण्यातही अर्थ नाही, पंधरा दिवस फार तर, असं डॉक्टरांनी आम्हा दोघांना खोलीत बसवून सांगितलं. आईला सांगायची गरज पडली नाही. तिने आमची तोंडं बघितली आणि म्हणाली, "बरं. घरातलं दूध बंद करून टाका, नासेल."

बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळाली. पहिल्याच दिवशी तिथल्या तरुण सिस्टर हसत म्हणाल्या, "काकू, तुमचं काय भाग्य! घरचेच धीरकाका."

"हो ना," आई म्हणाली, "दिव्याखाली अंधार असतो म्हणतात, आज दिवाच खाली येऊन बसलाय. बघू काय उजेड पडतो."

बाबा सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी यायचे. आखूड स्टूल घेऊन यायचे, पिशवी मांडीवर ठेवायचे आणि बसायचे. आईची नखं कापली. ओठांना ओला कापूस लावला. उशी बरोबर मानेखाली सरकवायचे, सिस्टरांना जमणार नाही इतकी बरोबर. आणि गप्प बसायचे. शेजारच्या खाटेवरची म्हातारी मला म्हणाली, "असा नवरा मिळायला पुण्य लागतं गं." 

तिसऱ्या दिवशी बाबा दुसऱ्या वॉर्डात गेले असताना आईने मला जवळ बोलावलं.

"मला त्यांच्याकडून एक गोष्ट हवीय," ती म्हणाली. "त्या दिवशीचं त्यांनी बोलावं. बाळाच्या. एकदा. स्वतःहून."

"मग तू विचार ना."

"मी नाही विचारणार. मी विचारलं की ते लगेच मान हलवतील आणि छान बोलतील. त्यांचं कामच आहे ते. मला कामातलं नको. मला नवऱ्याचं हवंय."

"मी सांगू त्यांना?"

"खबरदार! तू सांगितलंस की ते तुझं झालं. मग मी ऐकणारच नाही." थोडा दम खाऊन ती म्हणाली, "मला माहीत आहे सगळं. निरोप घेऊन गेली होती ना, त्या सिस्टरनेच सांगितलंय, बदली होऊन जाताना. नवं काही ऐकायचं नाहीये मला. फक्त त्यांच्या तोंडून हवंय."

"काय सांगितलं तिने?"

"ते तुला कशाला?" असं म्हणून तिने डोळे मिटले. आईने एकदा तोंड मिटलं की तिच्याकडून काही निघत नसे.

तर असा सगळा पेच होता. आई ठरवून बसली होती की विषय त्यांनी काढायचा. आणि बाबा जन्मभर एकच शिकले आणि शिकवत आले होते की विषय पेशंटने काढायचा. दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर बसलेले, आणि दोघंही वाट बघतायत. मला सगळं दिसत होतं. दिवस मात्र मोजकेच होते.

पाचव्या दिवशी न राहवून मी बाबांना जिन्यात गाठलं. "बाबा, आईच्या मनात काहीतरी असेल. तुम्ही बोलून बघा ना तिच्याशी."

"तिला वाटेल तेव्हा ती बोलेल," ते म्हणाले. "आपण घाई करायची नाही. घाई केली की माणूस मिटतं."

"पण ती काही तुमची पेशंट नाही!"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुला त्रास होतोय," ते म्हणाले.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी हात झटकला आणि जिना उतरून दुकानात निघून गेले. त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाला दूरचा नंबर जवळच्या चौकटीत बसवून दिला. मालक ओरडले. मनात मी एकच म्हणत होते की मरू दे, मला काय करायचंय, त्यांचं ते बघून घेतील.

आठव्या दिवशी मात्र आईनेच हार मानली. पूर्ण नाही, अर्धी. दुपारची वेळ होती. मी खिडकीशी फळ कापत होते, बाबा स्टुलावर होते. तिला आता बोलायला दम लागायचा. बराच वेळ छताकडे बघून ती म्हणाली,

"वरच्या मजल्यावर आता काय आहे हो?"

माझा हात थांबला. वरचा मजला म्हणजे तिसरा. तिने दार फटीएवढं का होईना उघडून दिलं होतं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. बाबांनी फक्त पाय आत टाकायचा होता.

बाबांनी मान हलवली. मग त्या मऊ, खालच्या आवाजात ते म्हणाले, "तुला वरच्या मजल्याची आठवण येतेय."

आईने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. तसं बघताना मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं आणि देव करो, कुणाला पाहायला न लागो.

"आठवण नाही येत," ती म्हणाली. "काय आहे ते विचारलं."

बाबा गप्प झाले. नियमाप्रमाणेच गप्प झाले, असं मला वाटलं. मग म्हणाले, "व्यायामाचे उपचार करतात तिथे. गुडघे, पाठ वगैरे."

"बरं," आई म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. मी कापलेलं फळ तसंच वाटीत काळं पडलं. बाबा आणखी अर्धा तास बसले आणि पुरुषांच्या वॉर्डात कुणीतरी बोलावलं म्हणून निघून गेले.

त्यानंतर ती बाबांशी कामापुरतंच बोलली. पाणी. उशी. पंखा कमी करा. माझ्याशी बोलली, सिस्टरांची चेष्टा केली, शेजारच्या म्हातारीला "मी आधी जाते, तुमच्यासाठी जागा धरून ठेवते" म्हणाली. अकराव्या दिवशी सकाळी साडेदहाला ती गेली. बाबा तिचा हात हातात घेऊन स्टुलावर बसले होते. श्वास लांबायला लागला तसं त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला, ओठ ओले केले, हळू आवाजात प्रार्थना म्हटली. एकही चूक केली नाही. तरुण सिस्टर भिंतीला टेकून रडत होत्या. "किती शांत गेल्या हो," त्या मला म्हणाल्या, "काका होते म्हणून." मी मान हलवली. बोलले असते तर काहीतरी भलतंच बोलले असते.

पुढचे चार-पाच दिवस माणसं येत राहिली. आमचं सांत्वन करायला यायची आणि बाबाच त्यांचं सांत्वन करून पाठवायचे. माझी मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, रडत रडत आली आणि तासाभराने हलकी होऊन गेली. दारात मला म्हणाली, "तुझे बाबा आहेत म्हणून बरं."

सहाव्या दिवशी सकाळी कुणी आलं नाही. मी आईचं कपाट आवरत होते. बाबा पलंगाच्या कडेला बसून मी दिलेल्या साड्यांच्या घड्या घालत होते. त्यांना घडी नीट घालता येत नाही, काठ जुळत नाहीत. मी एक साडी त्यांच्या हातातून ओढून घेतली आणि एकदम माझा बांध फुटला.

"ती वाट बघत होती तुमची," मी म्हणाले. "अकरा दिवस. बाळाच्या दिवशीचं तुम्ही बोलाल म्हणून. तिला दुसरं काहीही नको होतं. आणि तुम्ही तिला काय दिलंत? तिचंच वाक्य!"

मला वाटलं, आता म्हणतील, तुला राग आलाय. म्हणाले असते तर मी खरोखर काहीतरी फेकून मारलं असतं.

"मला माहीत होतं," बाबा म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"ती कशाची वाट बघतेय ते. तिने मजल्याचं विचारलं तेव्हा तर अगदीच." त्यांचा आवाज वेगळाच येत होता. तो मऊ, खालचा आवाज नव्हता. घसा बसलेल्या साध्या म्हाताऱ्याचा आवाज होता. "नियम-बियम काही नाही गं. मला बोलता येत नव्हतं."

"एवढं काय होतं त्यात? उठून वर यायला हवं होतं, चुकलं माझं, एवढंच तर म्हणायचं होतं!"

"तेवढंच नव्हतं." ते थांबले. मी तोंड उघडायच्या आत तेच पुढे बोलले. "निरोप आला तेव्हा तो ड्रायव्हर आधीच गेलेला होता. दहा मिनिटं झाली असतील. हात-बित कुणी धरला नव्हता माझा. मी त्या मेलेल्या माणसाजवळ सव्वा तास बसून राहिलो. वर जायची भीती वाटत होती. आपलं मूल मरताना बघायची. नंतर लोकांनी हाताची गोष्ट केली, आणि मी ती तशीच राहू दिली."

हातातली साडी मी कपाटात कोंबली. 

"हे तिला कसं सांगणार होतो मी?" बाबा म्हणाले. "मी माणूस सोडला नाही म्हणून ती एकटी पडली, हे तिने कसंबसं सोसलं होतं. मी भ्यालो म्हणून एकटी पडली, हे मरताना कशाला ऐकवायचं? निदान तेवढं तरी तिच्याजवळ राहू दे, असं वाटलं."

"तिला माहीत होतं," मी म्हणाले.

त्यांनी वर बघितलं.

"तुम्हाला निरोप दिला ना, त्याच सिस्टरने सांगितलं होतं तिला. बदलून जाताना."

"कधी?"

मला ती सिस्टर आठवत होती. जायच्या आधी आमच्या घरी आली होती, मला खाऊचा पुडा दिला होता. मी तेव्हा चौथीत होते.

"त्याच वर्षी," मी म्हणाले.

 बाबा मनातल्या मनात ती सगळी वर्षं मागे जाऊन बघत असावेत, प्रत्येक जेवण, प्रत्येक सकाळ, आणि पहिल्या रांगेत बसलेली तीसुद्धा. मग ते रडायला लागले. त्यांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. बरोबर रडताही येत नव्हतं त्यांना, मध्येच ठसका लागत होता. हजारो माणसांना मोकळं केलं त्यांनी, आणि स्वतःच्या वेळी नाक पुसायला रुमालसुद्धा खिशात नव्हता.

मी त्यांच्याजवळ बसायला हवं होतं. बसले नाही. स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

तिथे उभी असताना जे माझ्या लक्षात आलं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. आईने मला "सांगू नको" म्हटलं होतं, शपथ घातली नव्हती. त्या जिन्यात मी एकच वाक्य बोलले असते, "बाबा, तिला सगळं माहीत आहे," तर त्यांची भीतीच संपली असती. ते धावत गेले असते तिच्याकडे. ते वाक्य माझ्याजवळ होतं. दोन दिवसांचं होतं, ताजं होतं. मी ते दिलं नाही. आईच्या शब्दाखातर दिलं नाही असं मी स्वतःला सांगत होते, पण ते खोटं आहे. मला देवमाणसाला एकदा हरलेलं बघायचं होतं. लहानपणापासून बघायचं होतं. ते हरले, मी बघितलं, आणि त्यासाठी आईचे अकरा दिवस खर्ची पडले.

बाबा पुढच्या सोमवारपासून पुन्हा इस्पितळात जायला लागले. मी परवाच त्यांना पिशवीत ठेवायला आणखी एक चष्मा दिला, जवळचा, अडीच नंबरचा.